सुफळ, पण संपूर्ण नाही

सकाळी ७
सीन सहावर गाडी अडलीय. चॅनेलने मंजूर केलेल्या वन-लाइनमध्ये एवढंच आहे : सुनेला देव्हाऱ्याच्या खणात हॉस्पिटलचं पाकीट सापडतं, पण ती ते उघडू शकत नाही. का उघडू शकत नाही, ते मी शोधायचं. लाइट जाणं, फोन वाजणं, मूल रडणं, सगळं वापरून झालंय. रोजची मालिका लिहिणाऱ्याचा निम्मा जन्म ‘का नाही’ची कारणं शोधण्यात जातो.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थने बाल्झाकच्या एका कथेचे ५६१ तुकडे करून १९७० मध्ये ‘एस/झेड’ लिहिलं. कोडं कसं चालतं ते त्याने त्यात मांडलंय : प्रश्न उभा करायचा आणि उत्तर लांबवायचं. कधी चकवा, कधी अर्धं उत्तर, कधी अगदी ओठांवर आलेलं अडवायचं. आमच्या धंद्यात हे बार्थचं नावही न ऐकता सगळे शिकतात. माझं त्यावरचं मत एवढंच : अडथळा बाहेरून आला की प्रेक्षक वैतागतो, पात्राच्या स्वभावातून आला की बसून राहतो. म्हणून लाइट जाणार नाही. सासूबाई नैवेद्याचं ताट घेऊन येतात, भित्री सून पाकीट पाटाखाली सरकवते आणि ताट नेमकं त्याच पाटावर ठेवलं जातं. आता आरती होईपर्यंत ते कुणी हलवणार नाही. पाकिटाचा कोपरा तेवढा बाहेर.

१०.३०
चॅनेलच्या ईपीचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरचा फोन. वयाने लहान, पण पोरगी हुशार.
“ताई, पाकीट या आठवड्यात उघडलं तर महाएपिसोडला काय राहतं?”
“विजेचं बिल निघू दे त्यातून. खरा रिपोर्ट नंतर.”
“चालेल. पण बिल शुक्रवारी.”

कथेचा अभ्यासक तोदोरोव्हच्या मते कथेत बसलेली घडी विस्कटते, विस्कटल्याचं लक्षात येतं, सावरायची धडपड होते आणि नवी घडी बसते. श्रावणातल्या कहाण्या अशाच चालतात : वसा घेतला, टाकला, हाल झाले, पुन्हा घेतला, सुफळ संपूर्ण. मालिकेला यातला शेवटचा टप्पा परवडत नाही. ॲरिस्टॉटलने आदि, मध्य, अंत मागितले होते. आमच्याकडे प्रोमोपुरता आदि, आणि मग टीआरपी टिकेल तोवर मध्यच मध्य. अंत होतो तो बहुधा स्लॉट गेला म्हणून.

१२.३०
आज गुरुवार, आठवड्याचे आकडे आले. किंचित खाली. मेसेज येतो, ‘ट्रॅक फास्ट करा.’ पाठोपाठ दुसरा, ‘पण काही रिव्हील नको.’ जेवून घेते.

३.००
घोडबंदर रोडवरचा सेट. आगाऊ शूट केलेल्या एपिसोडची बँक संपलीय, त्यामुळे सकाळी लिहिलेला सीन आत्ता उभा राहतोय. सासूबाईंचं काम करणाऱ्या ताई मला बाजूला घेतात. “हे पाकीट मला माहितीये का गं?”

सीन पुढचे-मागचे करून शूट होतात, दोन-दोन ट्रॅक एकाच दिवशी, त्यामुळे आपल्या पात्राला आज काय ठाऊक आहे हे नटालाच विचारावं लागतं. जेरार जनेटने १९७२ मध्ये कथनावर लिहिताना ‘सांगतं कोण’ आणि ‘दिसतं कुणाच्या नजरेतून’ हे दोन प्रश्न वेगळे केले. सेटवर तिसरा महत्त्वाचा : कुणाला किती माहिती? मी सांगते, “माहिती नाही, पण संशय आहे. प्रेक्षकाला मात्र तुमच्यापेक्षा जास्त माहिती आहे.” टेक सुरू झाल्यावर ताई ताट ठेवतात, भातावर आणखी एक चमचा तूप वाढतात, आणि वाढताना बघतात सुनेकडे. हे मी लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शक प्रत्येकाचा क्लोज घेतो, आणि दोन-तीन मिनिटांची आरती पडद्यावर जवळजवळ पाव एपिसोड खाते.

५.३०
परतीच्या ट्रॅफिकमध्ये दुसरं काम : एका एजन्सीसाठी साबणाची तीस सेकंदांची स्क्रिप्ट. क्लायंटला साबण नायक हवाय. नेहमीचीच रड. व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांतून ३१ कार्यं आणि सात भूमिका काढल्या. त्यात वस्तू नायक नसते. कुणीतरी नायकाला देतं ती जादूची वस्तू, एवढाच तिचा मान. नायक गिऱ्हाईकच. कपडे धुण्याच्या जाहिरातींत वर्षानुवर्षं डाग खलनायक होता. मग सर्फ एक्सेलने त्याची भूमिकाच बदलली. बहीण चिखलात पडते, भाऊ त्या चिखलालाच बदडून काढतो, आणि शर्टावरचा चिखल पराक्रमाची निशाणी ठरतो. नायकाच्या अंगावर खूण उमटणं हे प्रॉपच्या यादीत चक्क एक कार्य आहे. ती जाहिरात लिहिणाऱ्याने प्रॉप वाचला असेल असं मला वाटत नाही.

कॅडबरीचं आणखी वेगळं. १९९४ च्या जाहिरातीत फलंदाजाचा षटकार जातो आणि एक मुलगी नाचत मैदानात शिरते. २०२१ मध्ये खेळणारी ती, नाचत येणारा तो. पहिली आठवत नसेल तर दुसरी निम्मीच पोचते. अर्धी गोष्ट प्रेक्षकाच्या डोक्यात आधीपासून जमा आहे, हे गृहीत धरलेलं.

शेजारी बसलेला सहायक लेखक विचारतो, आपण ‘सैराट’सारखं काही का करत नाही? नागराज मंजुळेंनी २०१६ मध्ये केलं ते असं : पळून आलेल्या जोडप्याची हैदराबादेत नवी घडी बसवून दिली, घर, मूल, आलेले पाहुणे, आणि मग तीच उद्ध्वस्त करून आवाजासकट सिनेमा थांबवला. ते जमतं, कारण लोक तिकीट काढून अंधारात बसलेत आणि उद्या परत यायचे नाहीत. आमचा प्रेक्षक उद्या साडेसातला परत हवा.

७.३०
घरी आईसोबत आजचा एपिसोड. हुक येतो, सून दचकते, ब्रेक. लगेच एका घरात नळ गळतो, बाई त्रासते, शेजारीण बाटली देते, सगळे हसतात. गोष्ट पूर्ण. आम्ही प्रेक्षकाची घडी विस्कटून ठेवायची आणि ब्रेकमध्ये दुसऱ्याने ती तीस सेकंदांत बसवून द्यायची, पैसे घेऊन. आमची मालिका संपत नाही म्हणूनच त्यांची गोष्ट संपलेली बरी वाटते. आमचा पगारही त्यातूनच येतो, तेव्हा तक्रार नाही.

१०.४५
प्रॉडक्शनचा फोन. सासूबाईंच्या ताईंना नाटकाचा दौरा लागलाय, पुढच्या आठवड्यात तारखा नाहीत. पंढरपूरला पाठवून झालंय, लेकीच्या बाळंतपणालाही. ईपी ‘कोमा’ सुचवते. मी प्रॉपची यादी काढते. पहिलं कार्य : घरातलं कुणीतरी बाहेर जातं. दुसरं : मनाई केली जाते. तिसरं : मनाई मोडली जाते. सासूबाई माहेरच्या कुळधर्माला निघतील आणि उंबऱ्यात वळून सांगतील, माळ्यावरच्या ट्रंकेला हात लावायचा नाही. मोडणार कोण, ते सोमवारच्या कॉलवर ठरवू.