वार्धक्याला हवा एक तरुण सोबती

वृद्धापकाळी औषधाच्या वेळा घरातील माणसे कसोशीने सांभाळतात. परंतु ‘माझी अजून कोणाला तरी गरज आहे’ ही जाणीव कोणत्याही गोळीतून मिळत नाही. सेलूसारख्या गावात ही उणीव विशेष जाणवते. शिक्षण-नोकरीसाठी मुले संभाजीनगर-पुण्याकडे जातात आणि मागे उरते रिकामे घर नि लांबलेली दुपार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर ६ माणसांपैकी एकाला एकाकीपणाने ग्रासले आहे. त्यातून हृदयविकार, पक्षाघात व नैराश्याचा धोका वाढतो. तेव्हा हा प्रश्न प्रकृतीचाच आहे.

या दुखण्यावरचा एक उतारा आपल्याला मराठी साहित्याच्या इतिहासात सापडतो. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा जेमतेम सतरा वर्षांचा मुलगा ‘बालकवी’ ठरला. पुढे अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी त्याला आसरा आणि जिव्हाळा लाभला. दोघांच्या वयात जवळजवळ २९ वर्षांचे अंतर. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले, मिशनच्या कामात गढलेले; ठोंबरे मात्र अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरीही त्या पाद्र्याच्या घरात हा तरुण घरचाच होऊन गेला. लहरी, रुसव्याफुगव्यांचा हा पाहुणा लक्ष्मीबाईंनी आईच्या मायेने सांभाळला.

हे स्नेह का टिकले असावेत? दोघांना जोडणारी कविता खरी होती, आणि ‘तू माझ्यासारखा हो’ अशी अट त्या स्नेहाला नव्हती. आपल्या घरातील आजोबा-नातवांची गाठ बहुधा याच अटीपाशी अडते.

अशा मैत्रीला दुःखाची झळ लागत नाही, असे मात्र नाही. बालकवी १९१८ मध्ये ऐन तारुण्यात गेले आणि पुढच्याच वर्षी टिळकांनीही देह ठेवला. तरीही लक्ष्मीबाई विझल्या नाहीत. ज्यांना शाळेचे तोंड पाहायला मिळाले नव्हते, त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्या वेळी त्यांनी पासष्टी ओलांडली होती आणि लिहिते राहण्याचा आग्रह धरणारा पुढच्याच पिढीतला होता, त्यांचा मुलगा देवदत्त.

आता आपल्या अंगणात पाहू. ज्येष्ठांनो, आपल्यापाशी असलेली एकच विद्या निवडा: मोडी वाचणे, जात्यावरच्या ओव्या, पिकांचे अंदाज, तोंडी हिशेब. शेजारचे एखादे मूल, मंदिरात वा चर्चमध्ये भेटणारा एखादा तरुण यांना आठवड्यातून एक तास द्या आणि त्याच्याकडूनही काही शिका, मग ते मोबाइलवरून पैसे पाठवणे का असेना. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी असले म्हणजे उपकाराचे ओझे कोणालाच वाटत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांनी वार व वेळ ठरवून द्यावी, दूरदर्शन संच बंद ठेवावा, दोघांना उजेडात समोरासमोर बसवावे. कमी ऐकू येणाऱ्याला बोलणाऱ्याचे ओठ दिसले की बोलणे समजण्यास मोठी मदत होते. चष्मा व श्रवणयंत्र जवळ असू द्यावे. तास अर्ध्यावर आला तरी थकवा दिसल्यास बैठक मोडावी. मूल लहान असल्यास त्याच्या पालकांची संमती आणि घरातल्या माणसांचा वावर असावा.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक वा उत्साह हरपला असेल, तर केवळ सोबतीवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा मराठीतही बोलते.

ज्येष्ठ वाचकहो, आपण आजवर जे जमवले त्याचा वारसदार रक्ताचाच असला पाहिजे, असे नाही. कदाचित तो पलीकडच्या गल्लीत राहत असेल आणि कोणी हाक मारण्याची वाट पाहत असेल. ती हाक आपण मारावी.