पुस्तक नेता येतं, पण कोणतं?

मी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात वकिली करतो. बार कौन्सिलची 'ऑल इंडिया बार एक्झाम' जवळ आली की नव्या पोरापोरींचे फोन सुरू होतात : "सर, पुस्तक न्यायला परवानगी आहे, मग अभ्यास कशाला?"

परवानगी आहे, पण कशाला ते ऐका. २०११ साली ही परीक्षा सुरू झाली तेव्हा नोट्स, गाइड सगळं चालायचं. आता फक्त बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे नुसता कायदा. टिपा नाहीत, भाष्य नाही. प्रश्न शंभर, एकाला जेमतेम दोन मिनिटं. आणि सनद मिळाल्यापासून दोन वर्षांत पास झाला नाहीत तर वकिली थांबते.

माझ्या एका ज्युनिअरनं ऑफिसातलं जुनं दंड संहितेचं पुस्तक नेलं होतं. कडेला पेनानं, पेन्सिलीनं लिहून लिहून जागा उरली नव्हती. गेटवरच काढून घेतलं. रडकुंडीला आली बिचारी. पण खरं सांगू? एका अर्थी बरंच झालं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुनं पुस्तक हातात घेतलं की आपोआप ३०२ वर उघडतं. नव्या संहितेत खून १०३ मध्ये गेला. तिथलं ३०२ म्हणजे शब्दांनी धार्मिक भावना दुखावणं! ४८२ चंही तसंच : पूर्वी हायकोर्टाचे अंगभूत अधिकार, आता नागरिक सुरक्षा संहितेत अटकपूर्व जामीन. पर्यायांत ओळखीचा आकडा दिसला की हात तिकडंच जातो.

मग पुस्तक मुरवायचं कसं? लिहून नाही, हाताळून. रोज अर्धा तास घरच्या कुणालाही गुन्ह्याचं नाव घ्यायला सांगा आणि वीस सेकंदांत पान काढा. आधी प्रकरणं पाठ करा, कलमं नंतर. स्त्रिया आणि बालकांविरुद्धचे गुन्हे ६३ पासून, शरीराविरुद्धचे १०० पासून, मालमत्तेचे ३०३ पासून, एवढं डोक्यात बसलं तरी शोध निम्म्यावर येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत मात्र बरेच जण चुकतात : आधी १५८ कलमं, मग ऑर्डर आणि रूल वेगळे. मनाई हुकूम कलमांत शोधत बसाल तर वेळ गेला. तो ऑर्डर ३९ मध्ये आहे.

संविधान, दोन्ही प्रक्रिया संहिता, न्याय संहिता, पुरावा, ही पाच पुस्तकं मिळून ४६ प्रश्न. बाकीचं नंतर बघा.

ती ज्युनिअर पुढच्या खेपेला नवं पुस्तक घेऊन गेली. पानांना चहाचे डाग, कोपरे दुमडलेले, पण पेनाची एक रेघ नाही. गेटवर कुणी अडवलं नाही.