पहिलं बाळंतपण, दोन राज्यं

(लेखांक ९)

जागतिक बँकेच्या कर्जाचा हिशेब या आठवड्यात मांडतो, असं कबूल केलं होतं. तो आता पुढच्या वेळी. कारण मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीहून एका वाचकांची चिठ्ठी आलीय : 'भाऊ, कोट्यवधींचं राहू द्या. सून पहिलटकरीण, बाळंतपणाला आमगावला माहेरी गेली होती. मातृवंदनेचे तीन हजार आले. दोन हजार कुठं अडकले?'

सवाल दोन हजारांचा असला, तरी माझ्या फार आवडीचा आहे.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये. २०२२ पासून त्याचे हप्ते दोन. गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झाली की ३,०००. जन्माची नोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्या की २,०००. आता हे आपल्या रिवाजाशी ताडून बघा. नाव सासरच्या अंगणवाडीत. ओटी भरली की माहेर. जन्म जिथं झाला तिथंच नोंदवायचा, हा १९६९ चा कायदा. आमगाव महाराष्ट्रात, म्हणजे दाखला महाराष्ट्राचा. दीड आणि अडीच महिन्यांच्या लसी माहेरी. तिसरा महिना सरता सरता बाळंतिणीची पाठवणी, म्हणजे साडेतीन महिन्यांची लस सासरी. एका बाळाचे कागद दोन राज्यांत वाटले गेले.

आमच्या पुतणीबरोबर मीच अशा कामाला गेलो होतो. पिशवीत दोन कार्डं. सासरचं हिंदी, कडा कुरतडलेलं. माहेरी नवंच काढून दिलेलं मराठी, कोरं करकरीत. टेबलापलीकडच्या बाईंनी हिंदी कार्ड उघडलं, लसींच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, 'इसमें तो कुछ चढ़ा ही नहीं है।' बाळाच्या मांडीवर सुईची गाठ अजून हाताला लागत होती. पण रकाना कोरा, म्हणजे लस नाही.

रजेगावजवळ बाघ नदीचा पूल ओलांडला की पाट्यांची भाषा बदलते, सोयरिकी बदलत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि तेव्हाचा भंडारा जिल्हा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. हद्द नंतर पडली. लेकी देणं-घेणं चालूच राहिलं.

पैशाला मात्र हद्द कळते. २००५ ची जननी सुरक्षा योजना घ्या. दवाखान्यात बाळंतपण केलं तर मध्य प्रदेशातल्या खेड्यातल्या बाईला १,४०० रुपये. महाराष्ट्रात ७००, तेही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या बाईलाच. यात अन्याय नाही, हिशेब आहे. २००५-०६ मध्ये मध्य प्रदेशात शंभरातली जेमतेम २६ बाळंतपणं दवाखान्यात होत. जिथं ओढ कमी तिथं आमिष मोठं. २०१९-२१ च्या पाहणीत तोच आकडा ९० वर गेला. पैशानं पाय वळवता येतात, एवढं त्यातून दिसतं. अटीवर रोख रक्कम द्यायची ही युक्ती मेक्सिकोनं १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा'त मोठ्या प्रमाणावर वापरली होती. तिच्यावर एक लेखांक खर्ची घालायचाच आहे.

आशाताईंचंही बघा. खेड्यात त्यांचे ६०० रुपये : ३०० गरोदरपणातल्या देखरेखीचे, ३०० दवाखान्यात नेण्याचे. सासरच्या आशाताई महिनोन्महिने उंबरे झिजवतात आणि ऐन वेळी पोर माहेरी गेली, की दुसऱ्या तीनशेंचं कामच त्यांच्या हातून जातं.

मला म्हणायचंय ते एवढंच : योजना आखणाऱ्यानं बाई एका घरात राहते असं धरलं. ती पहिल्या खेपेला दोन घरांत राहते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. नऊ महिने आधी कळणाऱ्या या प्रवासाची तरतूद करायला वेगळं कर्ज लागत नाही.

लांजीच्या वाचकांना तूर्त उत्तर : आमगावचा जन्मदाखला आणा (२१ दिवसांच्या आत नोंद केली असेल तर ती फुकट झाली असेल), माहेरच्या कार्डावरच्या लसी तारखांसकट सासरच्या कार्डावर चढवून घ्या, आणि दोन्ही कार्डं घेऊन अंगणवाडीत जा. आणि पुढची लेक माहेरी निघाली, की ओटीच्या नारळाबरोबर सासरचं कार्डही पिशवीत टाका. नवं काढून देतो म्हणाले, तर घेऊ नका. यातच लिहा म्हणा.

जागतिक बँक पुढच्या आठवड्यात. आणखी अशी चिठ्ठी आली नाही तर.