पक्ष, प्रतिपक्ष आणि वितंडा : सन १९५७ ची मुंबई

राज्यकारभारास दोनच पक्ष असावेत कीं काय, हा प्रश्न पाश्चात्त्य वाटला तरी त्यास लावण्याजोगा निकष आपल्या न्यायशास्त्रांत आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार केले आहेत : तत्त्वनिर्णयासाठीं वाद, जयासाठीं जल्प, आणि स्वपक्ष न स्थापितां केवळ परपक्ष खोडणें ती वितंडा. हा निकष आम्ही मुंबईच्या एका निवडणुकीस लावून पाहतों.

ता. ६ फेब्रुवारी १९५६ रोजीं पुण्यास संयुक्त महाराष्ट्र समिति स्थापन झाली. कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे भिन्न मतांचे पक्ष तींत एकवटले. एकीचा हिशेब सरळ होता : ज्यास सर्वाधिक मतें तोच निवडून येतो, अशा पद्धतींत विरोधी मतें विभागलीं म्हणजे मोठ्या पक्षाचें फावतें. म्हणून १९५७ सालीं गिरगांवच्या चाळींपासून लालबाग-परळच्या गिरणगांवापर्यंत मतदारापुढें मुख्यतः दोनच बाजू राहिल्या. दादरमधून आचार्य अत्रे विधानसभेवर गेले. श्रीपाद अमृत डांगे मुंबईंतून लोकसभेवर गेले. द्विभाषिक राज्यांत कॉंग्रेसने ३९६ पैकीं २३४ जागा जिंकून सत्ता राखली. तथापि प्रबळ प्रतिपक्षाचें दडपण वायां गेलें नाहीं. ता. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें.

पुढें काय झालें? प्रश्न सुटतांच एकीही सुटली. १९६२ सालीं कॉंग्रेसने २६४ पैकीं २१५ जागा घेतल्या, आणि डांगेही पराभूत झाले.

येथें कोणी शंका घेईल कीं, मग समितीचा विरोध वितंडाच होता काय? तसें नव्हे. राज्याच्या प्रश्नावर तिची स्थापना स्पष्ट होती. इतर प्रश्नांवर मात्र सर्वसंमत अशी स्थापना नव्हती. सारांश, दोन बाजू म्हणजे दोन पक्ष नव्हेत. एका प्रश्नापुरती दुफळी मतदाराची निवड सोपी करते. परंतु उद्यां सत्ता हातीं आल्यास शेती, गिरणी, शिक्षण यांविषयीं काय करूं, हें सांगणारा स्थायी प्रतिपक्ष नसेल तर द्विपक्षपद्धति टिकत नाहीं. शिवाय दोहोंच्या गलबल्यांत तिसऱ्याचा आवाज दबतो, हा दोष राहतोच.

संग्राहक बंधूंस एक विनंति. त्या लढ्याचीं हस्तपत्रकें चाळींच्या माळ्यांवरून रद्दींत जाण्यापूर्वीं जपावीं, आणि दोन्ही बाजूंचीं जपावीं. एकाच बाजूचे कागद पाहून निर्णय देणें म्हणजे पूर्वपक्ष न ऐकतां सिद्धांत सांगणें होय.