दोनशे अँपिअरचा मोह

मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात डवऱ्याची पास, ट्रॉलीचा फाळका, गोठ्याचे फाटक यांपैकी काही ना काही तुटतच असते. दर वेळी फॅब्रिकेशनच्या दुकानात खेटे घालण्यापेक्षा घरीच वेल्डिंग मशीन घ्यावे असे वाटणे साहजिक आहे. मशीन घेताना मात्र बहुतेकांची नजर अँपिअरच्या आकड्यावर खिळते. हिशेब रॉडपासून सुरू करावा. तीन-चार मिलिमीटर जाडीच्या लोखंडाला 2.5 मिलिमीटरचा रॉड पुरतो आणि त्याला साधारण 60 ते 90 अँपिअर लागतात, 3.15 चा रॉडही 130 च्या आसपास चालतो. म्हणजे खरोखर 160 अँपिअर देणारे सिंगल फेजचे इन्व्हर्टर मशीन घरकामाला भरपूर झाले. पाटीवर ‘60 टक्के’ असेल तर त्या प्रवाहावर दहा मिनिटांत सहाच मिनिटे काम करायचे. हा आकडा सहसा 40 अंश तापमान धरून काढलेला असतो. मे महिन्यात आपल्या टिनाखाली पारा त्याच्याही वर जातो, म्हणून मशीनला विश्रांती आणखी जास्त द्यावी. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज पडते, तेव्हा किती व्होल्टपर्यंत मशीन तग धरते हे दुकानातच विचारावे. पुढे मोठे काम निघाले तर? ट्रॅक्टरच्या हुकाचे किंवा चासीचे वेल्डिंग घरी करूच नये. भर रस्त्यात तो सांधा सुटला तर जीव जातो.

वाचलेले पैसे अंगावरच्या साधनांत घालावेत. साधा गॉगल लावून वर्षानुवर्षे काम करणारे कारागीर आहेत, हे खरे. पण ठिणगीतली अतिनील किरणे बुबुळ भाजतात आणि त्रास काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत रेती गेल्यासारखा सुरू होतो. वेल्डिंगचा धूर आणि ही किरणे, दोन्ही कर्करोगाला कारण ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या तज्ज्ञांनी 2017 मध्ये ठरवले. म्हणून 10 किंवा 11 नंबरची काच असलेला, पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा हवा. इथल्या उन्हात चामडी हातमोजे कोण घालेल, हा आक्षेपही रास्त वाटतो. मात्र घामाने ओल्या अंगातून वीज सहज जाते आणि काम थांबलेले असतानाही रॉडवर 60 ते 80 व्होल्ट असू शकतात. काम सकाळी उरकावे, मोजे काढू नयेत. टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते, तेव्हा अंगात जाड सुती कपडेच असावेत. जीआय पाइपचा जस्ताचा धूर रात्री ताप आणतो. कापसाच्या गंजीजवळ ठिणगी नको, आणि डिझेल किंवा फवारणीच्या रिकाम्या ड्रमला रॉड लावू नका, ड्रम फुटतो. पैसे कमी पडत असतील तर आधी मुखवटा, मोजे, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) घ्या. मशीन पुढल्या हंगामात आले तरी चालेल.