मजले मोजावेत की चुली?

जून महिन्यात शाळा उघडली, की आमच्या मेजावर दोन प्रकारचे अर्ज येऊन पडतात. एक प्रवेशाचे आणि दुसरे शाळा सोडल्याच्या दाखल्याचे. अलीकडे दुसऱ्या प्रकारच्या अर्जांत 'मालकांनी घर बांधावयास काढले आहे' हे कारण वारंवार आढळते. अंबरपेठेतील ज्या दोन खोल्यांत ते कुटुंब राहत असे, तेथे आता मालकांचा प्रशस्त दिवाणखाना व्हावयाचा असतो. भाडेकरू मग शहराच्या कडेला, परवडेल तेथे, जागा शोधतो आणि मुलाची शाळा सुटते.

मालकांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. पंधरा वर्षांपूर्वी आम्हीही वडिलांच्या घराचा विस्तार केला, तेव्हा मागील दोन खोल्यांतले बिऱ्हाड उठले. घरातली माणसे तेवढीच राहिली. वाढल्या त्या खोल्या. त्या दोन खोल्यांत आज आमची पुस्तके राहतात.

मग अशा विस्तारावर बंधनच घालावे काय? हैदराबादेत २००६ सालच्या बांधकाम नियमांनी चटई क्षेत्राची, म्हणजे भूखंडाच्या मानाने सर्व मजले मिळून होणाऱ्या बांधकामाची, मर्यादा काढून टाकली. रस्त्याची रुंदी, भूखंडाचा आकार आणि भोवती सोडावयाची मोकळी जागा यांवरच इमारतीचे माप ठरू लागले. २०२० च्या राज्य कायद्याने ७५ चौरस वारांपर्यंतच्या भूखंडावरील एकमजली माडीच्या घरास पूर्वपरवानगीचीही अट ठेवली नाही. एक रुपया भरून नोंदणी केली की पुरे. लहान माणसाला हा मोठाच दिलासा होता, आणि तो हिरावून घ्यावा असे कोणीही म्हणणार नाही.

शिवाय केवळ बंधनाने घरे स्वस्त राहत नाहीत, हे मुंबईने दाखविले आहे. तेथील १९९१ च्या नियमावलीत मूळ शहरासाठी चटई क्षेत्र निर्देशांक १.३३, तर उपनगरांत साधारणतः १ होता. तरीही गिरगाव-दादरचा मध्यमवर्ग डोंबिवली-बदलापूरकडे सरकतच राहिला. राहणारे वाढत असता सरसकट बांधकाम अडविले, तर भिंतींबरोबर माणसेही अडतात.

या दोन टोकांमधील एक वाट अमेरिकेतील पोर्टलंड शहराने काढली. २०२० साली मंजूर झालेल्या तेथील नियमांनुसार, एका नेहमीच्या निवासी विभागात भूखंडावर एकाच कुटुंबाचे घर बांधल्यास बांधकाम भूखंडाच्या ०.५ पट एवढेच करता येते. दोन बिऱ्हाडांचे असल्यास ०.६ पट, आणि तीन वा चार बिऱ्हाडांचे असल्यास ०.७ पट. म्हणजे बंधन आहे ते एकट्याच्या ऐसपैसपणावर. अधिक कुटुंबांना सामावून घेणाऱ्यास मात्र सवलत आहे.

आम्हांस यातील मर्म मोलाचे वाटते. घर किती वाढले, यापेक्षा त्यात किती चुली पेटतात हे पाहावे. आकडे पोर्टलंडचे नकोत. आपल्या गल्ल्यांची रुंदी, पाणी व सांडपाणी यांचा विचार करून महापालिकेने ते ठरवावेत. परंतु एका कुटुंबाच्या विस्तारास मर्यादा आणि भाड्याच्या लहान बिऱ्हाडास मोकळीक, हे तत्त्व अंबरपेठेसारख्या वस्तीस साजेसे आहे.

कायदा होईल तेव्हा होवो. वाचकांपैकी जे कोणी घर वाढवीत असतील, त्यांनी नकाशातच एक वेगळा जिना, एक मोरी आणि एका चुलीपुरती जागा राखावी. भाडेकरू पुढे उठणार नाही, ही भीती खोटी नव्हे. पण तीवर लेखी करार हा उपाय आहे, रिकामी खोली नव्हे.

आम्ही स्वतः या उन्हाळ्यात पुस्तके माडीवर हलविण्यास आरंभ केला आहे. जूनपूर्वी मागील दोन खोल्या मोकळ्या व्हाव्यात, अशी इच्छा आहे. निदान एका मुलाचा दाखला तरी आमच्या मेजावर येऊ नये.