घाटाची चढण आणि सायकलची साधना

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी एके दिवशी म्हणेल, "रविवारी मी सायकलने घाट चढून येणार." त्या वेळी आपण काय उत्तर द्याल? "नको" म्हणणे सोपे आहे आणि कौतुकाच्या भरात "जा" म्हणणेही तितकेच सोपे आहे. परंतु घाटाचा रस्ता सायकलस्वाराकडून काय मागतो, हे जाणून घेतल्यावाचून दिलेली ही दोन्ही उत्तरे अपुरीच होत.

उदाहरणादाखल बोरघाट घेऊ. कोकण आणि दख्खनचे पठार यांना जोडणाऱ्या या घाटातून १८३० साली, गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत, गाडीरस्ता सुरू झाला. ही वाट मुळात शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखविली, अशी आख्यायिका आहे. त्याचे देऊळ आजही घाटात उभे आहे आणि जाणारे-येणारे तेथे हात जोडतात. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत याच चढणीवर जो सर्वांना मागे टाकतो, त्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरविण्यात येते.

खोपोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६० मीटर उंचीवर आहे, तर लोणावळा सुमारे ६२० मीटरांवर. म्हणजे सायकलस्वार दिल्लीच्या कुतुबमिनाराच्या साडेसातपट उंची केवळ पायांच्या बळावर चढतो. स्वार आणि सायकल यांचे एकत्र वजन ७५ किलो धरले, तर एवढ्या चढणीसाठी शरीरास किमान ४०० किलोकॅलरी उष्णता खर्चावी लागते. रस्त्याचे घर्षण आणि समोरचा वारा यांचा हिशेब वेगळाच. हा सारा खर्च कसा करावा, यातच घाट चढण्याचे मर्म आहे.

नवखा स्वार बहुधा पहिल्याच वळणावर फसतो. पायथ्याशी अंगात जोर असतो. तो जड गिअरवर उभा राहून पॅडल मारतो आणि दोन किलोमीटरांतच त्याचा दम उखडतो. जाणता स्वार चढण सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घालतो. मिनिटाला साठ ते ऐंशी फेरे अशा संथ लयीत त्याचे पाय फिरतात आणि श्वास त्याच लयीत चालतो. शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग योग्य आहे असे समजावे. शब्द तुटू लागले की वेग कमी करावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

अशी लय एका दिवसात अंगी बाणत नाही. प्रथम घराजवळची एखादी छोटी टेकडी निवडावी. ती एकदा चढून सावकाश उतरावे आणि दम परत आल्यावर पुन्हा चढावे. आठवड्यातून दोनच दिवस असा सराव पुरे. मधल्या दिवसांत सपाट रस्त्यावर हलका फेरफटका मारावा आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, कारण स्नायूंची झीज विश्रांतीतच भरून निघते. काही आठवड्यांनी टेकडीच्या जागी लांब चढण घ्यावी. बंगळूरचे सायकलस्वार अशाच क्रमाने १,४७८ मीटर उंचीच्या नंदी टेकडीपर्यंत पोहोचतात. हिमाचलातील रोहतांगसारख्या ३,९७८ मीटर उंचीच्या खिंडीची गोष्ट मात्र निराळी. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे साठ टक्केच असतो. म्हणून शरीर त्या उंचीला सरावण्यासाठी वाटेत काही दिवस मुक्काम करावाच लागतो.

वाचकहो, माथा गाठला की परीक्षा संपली असे मात्र मानू नका. खरी परीक्षा उतारावर असते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर सुमारे चौपट होते. म्हणून ब्रेक वळणात शिरण्यापूर्वी लावावा, वळणात नव्हे. चाकाच्या कडेवर घासणारा ब्रेक सतत दाबून ठेवल्यास कड तापते आणि ट्यूब फुटण्याचा संभव असतो. त्याकरिता ब्रेक थोडा दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. माथ्यावर घामाने भिजलेले अंग उतारावरच्या वाऱ्याने झटकन गारठते. फ्रान्समधील शर्यतपटू अशा वेळी छातीशी वर्तमानपत्र खोचून उतरत असत.

त्याच देशातील एक हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. १९१३ सालच्या 'तूर द फ्रान्स' शर्यतीत एझेन क्रिस्तोफ हा स्वार तूरमाले खिंड उतरत असता त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. इतरांची मदत घेण्यास नियमाने मनाई होती. तो सायकल खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालला आणि पायथ्याच्या गावातील लोहाराच्या भट्टीत त्याने फोर्क स्वतः जोडला. भाता एका मुलाने हलविला, म्हणून त्याला दंडही झाला! शर्यत त्याने गमावली, परंतु आपल्या यंत्राची खडान्‌खडा माहिती असणे म्हणजे काय, हे त्याने दाखविले.

म्हणून मुलांना निरोप देण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. ब्रेक, साखळी आणि टायर त्यांनी स्वतः तपासले आहेत काय? पंक्चर काढणे त्यांना येते काय? डोक्यावर हेल्मेट, जवळ पाणी आणि बरोबर एखादा अनुभवी सोबती आहे काय? आणि दमल्यावर सायकलवरून उतरून चालण्याचा समजूतदारपणा त्यांच्यापाशी आहे काय? मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे, आणि घाटातील रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ असते. तेव्हा मोकळा रस्ता आणि पहाटेची वेळ निवडावी. पावसाळ्यात धुके, निसरडी वळणे आणि कोसळणाऱ्या दरडी यांमुळे घाट टाळणेच इष्ट.

या चारही प्रश्नांची उत्तरे "होय" अशी आली, तर खुशाल परवानगी द्या. एखादे उत्तर "नाही" असेल, तर "नको" म्हणण्याऐवजी "अजून थोडे शीक" असे सांगा. घाट कोठे जात नाही. तयारी झाल्यावर पुढच्या रविवारीही तो तेथेच उभा असेल.